शिंपल्यांच्या वहीतील तेलाची नोंद



समुद्रात कुठे जहाज फुटून तेल सांडले की वर्तमानपत्रांतून दोन-तीन दिवस छायाचित्रे येतात. तेलात माखलेला पक्षी, काळी पडलेली वाळू, कलंडलेले जहाज. चौथ्या दिवशी ती बातमी आतल्या पानावर जाते आणि आठवड्याने दिसेनाशी होते. घराघरांतला प्रश्न मात्र त्याच सुमारास सुरू होतो. बाजारात मासळी आलेली असते, नेहमीपेक्षा स्वस्त असते, आणि पाटीमागे बसलेली मावशी सांगत असते, "घे गं बाय, ताजी हाय." घ्यावी की घेऊ नये? विशेषतः तिसऱ्या, खुबे, कालवे हा जो शिंपल्यांतला माल, ज्याच्या एका वाट्यात चार माणसांचे कालवण होते, तो घ्यावा की नाही? आज आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

मुंबईकरांपुढे हा प्रश्न २०१० साली उभा राहिला होता. ७ ऑगस्टला सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' एका कुशीवर कलंडली, तिच्यावरचे शेकडो कंटेनर समुद्रात पडले आणि तिच्या टाक्यांतले सुमारे ८०० टन इंधन तेल पाण्यात गेले. काही कंटेनरांत कीटकनाशके होती. दिवस पावसाळ्याचे. तेलाचा तवंग उरण, घारापुरी, अलिबागच्या बाजूला पसरला आणि खारफुटीच्या मुळांवर काळा थर बसला. खबरदारी म्हणून मासळी खाणे टाळा असे सांगण्यात आले. गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि कोळणींचा माल पाटीतच राहिला. मग काही आठवड्यांनी लोक पुन्हा मासळी खाऊ लागले. कशाच्या आधारावर? बहुतेक घरांत आधार एकच होता. शेजारणीने खाल्ली आणि तिला काही झाले नाही!

शेजारणीपेक्षा भरवशाचा साक्षीदार मिळू शकतो. तो त्याच पाटीत, शिंपल्याच्या आत बसलेला असतो.

शिंपल्यातला जीव फार हिंडत-फिरत नाही. तिसरी चिखलात रुतून बसते. कालव खडकाला कायमचे चिकटते. आणि कोकणात ज्याला शिणाणे म्हणतात तो काळपट-हिरव्या लांबट शिंपांचा जीव बळकट धाग्यांनी स्वतःला दगडाशी बांधून घेतो. पोटासाठी त्यांना गाव सोडावे लागत नाही. पाणी आत ओढायचे, त्यातले बारीक अन्नकण गाळून घ्यायचे, उरलेले पाणी बाहेर सोडायचे, एवढाच त्यांचा उद्योग. चांगले वाढलेले शिणाणे दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी असे गाळते, म्हणजे आपण नळावर भरतो तो मोठा हंडा. पाण्यात तेल असले तर तेही त्याच्या अंगातल्या चरबीत उतरते.

माशाचे तसे नाही. मासा पोहून दूर जाऊ शकतो. शिवाय त्याचे यकृत तेलातले घातक घटक फोडून पित्तावाटे बाहेर टाकते. त्यामुळे तेलगळतीनंतर पकडलेल्या माशाच्या मांसात त्यांचा अंश बहुधा फार थोडा सापडतो. शिंपल्यांतल्या जिवांत ही सोय अगदी दुबळी. आत आलेले ते पुष्कळ दिवस धरून ठेवतात. खाणाऱ्याच्या दृष्टीने हा दोष झाला, तपासणाऱ्याच्या दृष्टीने हाच मोठा गुण.

बाटलीत पाणी भरून तपासले तर त्या घटकेला पाण्यात काय होते तेवढेच कळते. भरती आली, वारा फिरला की सगळा हिशेब बदलला. हे म्हणजे वाण्याचा गल्ला उघडून पाहण्यासारखे आहे. शिंपला ही त्या वाण्याची उधारीची वही. गेल्या कित्येक आठवड्यांत कोण येऊन काय ठेवून गेले ते तिच्यात लिहिलेले असते. ही वही नेमाने वाचावी, असे अमेरिकेतील स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेचे एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली सुचवले. ठरलेल्या जागांवरून ठरलेल्या वेळी शिंपले आणायचे, तपासायचे आणि आकडे जपून ठेवायचे. या कामाला त्यांनी 'मसल वॉच' म्हटले, म्हणजे शिणाण्यांचा पहारा. १९८६ पासून अमेरिकी सरकारच्या समुद्र खात्याने तो आपल्या किनाऱ्यांवर बसवला.

तेल म्हणजे एक वस्तू नव्हे, शेकडो रसायनांची खिचडी असते. त्यातला शास्त्रज्ञ ज्याच्यावर डोळा ठेवतात तो गट 'पीएएच' या नावाने ओळखला जातो. हा गट आपल्या घरांना अनोळखी नाही. चुलीच्या धुरात, विडीच्या धुरात, रस्त्यावर उकळणाऱ्या डांबरात तोच असतो. त्यातल्या बेंझोपायरिनने माणसाला कर्करोग होऊ शकतो हे सिद्ध झालेले आहे. युरोपातल्या देशांनी शिंपल्यांच्या एक किलो मांसात त्याचे प्रमाण पाच मायक्रोग्रॅमच्या पुढे जाऊ नये अशी मर्यादा घातली आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढे बारीक काही नाकाला किंवा जिभेला कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

मात्र प्रयोगशाळेने वही वाचली म्हणजे काम झाले असे नाही. ती कोणासमोर वाचायची हाही प्रश्न आहे. हे जगाला शिकवले अलास्काच्या काही लहान गावांनी, आणि आम्हाला वाटते की आपल्या वाचकांनी त्यांची हकीगत जरा सविस्तर ऐकावी.

अलास्का हे अमेरिकेच्या अगदी उत्तरेचे, बर्फाचे राज्य. २४ मार्च १९८९ रोजी मध्यरात्र उलटल्यावर 'एक्सॉन वाल्डेझ' हे तेलवाहू जहाज तिथल्या प्रिन्स विल्यम साउंड या आखातात ब्लाय रीफ नावाच्या खडकावर चढले. सुमारे ३७,००० टन कच्चे तेल पाण्यात गेले आणि पुढे दोन हजार किलोमीटरच्या आसपास किनाऱ्याला लागले. या किनाऱ्यावर टाटिटलेक, चेनेगा बे, पोर्ट ग्रॅहम अशी अलुटिक या मूळ रहिवासी लोकांची गावे आहेत. तिथे दुकानातून आणून खाणे महाग आणि परके. सालमन मासा, सील आणि खडकांवरचे, वाळूतले शिंपले यांवर पिढ्यान्‌पिढ्या घर चालते. ओहोटी लागली की पान वाढले, अशा अर्थाची म्हण त्या बाजूच्या लोकांत आहे.

चेनेगा गावाचे दुर्दैव तर काय सांगावे! १९६४ साली गुड फ्रायडेच्या दिवशी भूकंप होऊन समुद्राची लाट आली आणि गावातली सुमारे एकतृतीयांश माणसे गेली. उरलेली विखुरली. वीस वर्षांनी, १९८४ मध्ये, त्यांनी दुसऱ्या बेटावर पुन्हा गाव वसवले. पुढे पाच वर्षे झाली नाहीत तोच हे तेल आले, आणि तो दिवसही गुड फ्रायडेचाच होता.

त्या वर्षी अशा दहा गावांत समुद्रातून आणून खाण्याचे प्रमाण घसरले. काही ठिकाणी ते आधीच्यापेक्षा ७७ टक्क्यांनी खाली आले. समुद्रात मासे नव्हते असे नाही. लोकांचा विश्वास उडाला होता. आरंभी त्यांना सांगितले गेले की पाहा, वास घ्या, तेलकट वाटले तर खाऊ नका. ज्या बाईने जन्मभर त्याच खडकावरून शिंपले काढले, तिने आता प्रत्येक शिंपला नाकाशी धरायचा आणि मुलांच्या ताटात घालायचा की नाही हे एकटीने ठरवायचे. हा काही सल्ला झाला नाही. आपल्यावरची जबाबदारी तिच्या पदरात टाकण्याचा हा प्रकार होता.

लोकांनी तपासणीचा आग्रह धरला. मग नमुने गोळा करून सिॲटल येथील सरकारी प्रयोगशाळेत पाठवण्यात येऊ लागले. आमच्या मते यातली मोलाची गोष्ट म्हणजे नमुने कोठले घ्यायचे ते गावकऱ्यांना विचारून ठरले. साहेबाची होडी जिथे सहज लागेल त्या खडकावरचा शिंपला तपासून काय उपयोग? जिथून लोकांच्या घरात येतो तोच तपासला पाहिजे. गोळा करायलाही गावची माणसे बरोबर गेली. निकाल पत्रकांतून आणि गावच्या बैठकांतून सांगितले गेले. निकाल असा होता की माशांचे मांस जवळपास स्वच्छ, सील बहुतेक ठीक, पण तेल लागलेल्या किनाऱ्यावरचे शिंपले दूषित. म्हणून सल्लाही नेमका देता आला. मासे खा, पण ज्या किनाऱ्यावर तेल दिसते तिथले शिंपले खाऊ नका. 'सगळे खा' आणि 'काहीच खाऊ नका' या दोन्हींपेक्षा असा सल्ला गरिबाच्या घराला किती उपयोगी, हे सांगायला नको.

या तपासण्यांत एक गंमतही निघाली. गावात जुन्या पद्धतीने धुरी देऊन टिकवलेला सालमन मासा तपासला, तर त्यात पीएएच त्या ताज्या माशांपेक्षा कितीतरी जास्त! धूरच तो, त्याचे काम त्याने केले. लोकांनी धुरी देणे काही सोडले नाही. पण पीएएच म्हणजे काय हे त्यांना धुराच्या उदाहरणाने चटकन समजले असणार.

आता शिंपले दूषित आहेत असे म्हणायचे, तर आधी ते कसे होते हे ठाऊक हवे. नाहीतर जहाजाचा मालक म्हणणारच की तुमच्या होड्यांच्या डिझेलचे असेल, पूर्वीपासूनचेच असेल. अलास्कात याला उत्तर तयार होते. १९७७ मध्ये तेलाची मोठी नळवाहिनी वाल्डेझ बंदरापर्यंत येऊन तेथून जहाजे भरू लागली, तेव्हाच ऑक बे येथील सरकारी प्रयोगशाळेने या आखातातल्या ठरलेल्या जागांवरून शिणाणी आणि गाळ गोळा करायला सुरुवात केली होती. १९८० पर्यंतचे ते आकडे कागदोपत्री होते. अपघाताची वार्ता आली तेव्हा संशोधक त्याच जागांकडे धावले आणि तेल येऊन पोहोचण्याआधीचे नमुने घेतले. आधीचे आणि नंतरचे शेजारी-शेजारी ठेवल्यावर वादाला जागा थोडी उरली. शिवाय प्रत्येक तेलाची घडण निराळी असते. शिंपल्यात सापडलेले तेल त्याच जहाजाचे की दुसऱ्या कशाचे, हे बोटांचे ठसे जुळवावेत तसे जुळवून पाहता येते.

पुढच्या हकिगतीने आम्ही स्वतः थक्क झालो. किनारे धुताना शिणाण्यांचे दाट ताटवे मुद्दाम सोडून दिले होते, कारण पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ते उखडले असते आणि त्यांवर जगणारे पक्षी व पाणमांजरे उपाशी मरली असती. हेतू चांगला. पण दोन-तीन वर्षांनी पाहतात तो त्या ताटव्यांच्या खालच्या गाळात तेल जवळजवळ ताजे! वरच्या जिवांनीच त्याला लाटांपासून आणि हवेपासून झाकून ठेवले होते. खालून ते झिरपत होते आणि वरची शिणाणी ते घेत होती. १९९४ मध्ये काही ताटवे उचलून खालचा गाळ बदलावा लागला. २००१ साली ९१ ठिकाणी हजारो खड्डे खणून पाहिले, तर निम्म्याहून अधिक ठिकाणी तेल होतेच. वरून किनारा स्वच्छ दिसत होता.

त्या अपघातानंतर १९९० च्या नव्या कायद्याने तिथे नागरिकांची एक सल्लागार परिषद उभी राहिली. तिच्यात मासेमार आहेत, गावांचे प्रतिनिधी आहेत. खर्च तेलधंद्याकडून येतो, पण तपासणी परिषद करते. १९९३ पासून तिने शिणाण्यांची तपासणी चालवली आहे, आणि अलीकडच्या वर्षांत त्यांच्या अंगातले तेलाचे प्रमाण फार खाली आल्याचे तिचेच आकडे सांगतात. ज्यांनी धोक्याची सूचना दिली त्यांनीच 'आता बरे आहे' म्हटले, म्हणूनच त्यावर विश्वास बसतो.

वेळ किती लागतो, हे मात्र तेलाच्या जातीवर आणि जागेवर अवलंबून आहे. जानेवारी १९९३ मध्ये स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर 'ब्रेअर' हे जहाज फुटून सुमारे ८५,००० टन तेल गेले. खुल्या समुद्रातल्या माशांवरची बंदी त्याच वर्षी एप्रिलमध्ये उठली. शिणाण्यांवरची उठायला २००० साल उजाडले!

आपल्या किनाऱ्याकडे वळू. शिणाण्यांचा पहारा भारताला अगदीच नवा नाही. १९९० च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने आशियातल्या किनाऱ्यांवरची हिरवी शिणाणी तपासली गेली, त्यांत भारतातलीही होती. तेव्हा शोध डीडीटीसारख्या विषांचा आणि जहाजांच्या रंगातल्या कथिलाच्या रसायनांचा होता. केंद्र सरकारनेही १९९१ पासून देशाच्या किनाऱ्यावरचे पाणी, गाळ आणि सागरी जीव तपासण्याचा कार्यक्रम चालवला. म्हणजे काम करणारे हात आहेत, यंत्रे आहेत. आमची तक्रार एवढीच की असल्या तपासणीचा कागद इंग्रजी अहवालात राहतो. भाऊच्या धक्क्यावर किंवा उरणच्या मासळी बाजारात मराठीत लावलेला असा फलक आमच्या पाहण्यात आलेला नाही. खाडीतल्या तिसऱ्या या महिन्यात कशा आहेत, एवढी एक ओळ लिहायला किती खडू लागतो?

यात सर्वांत जास्त सोसते ती ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या-खुबे वेचणारी बाई. तिच्याकडे होडी नाही, परवाना नाही, विक्रीची पावती नाही. बंदी आली तर तिची कमाई बुडते आणि भरपाईच्या यादीत तिचे नाव लागणे कठीण. बंदी नसली तर वाट्यात न खपलेला माल तिच्याच घरी शिजतो. डिसेंबर २००७ मध्ये दक्षिण कोरियाच्या टेआन किनाऱ्यावर 'हेबेई स्पिरिट' जहाजातून सुमारे १०,९०० टन तेल गेले. तेव्हा कालवांच्या बागा बुडाल्याच, पण नुसत्या हातांनी शिंपले वेचणाऱ्या बायका व म्हाताऱ्यांना आपली कमाई किती होती हे कागदाने सिद्ध करता करता नाकी नऊ आले. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या भगिनींना आमचे सांगणे आहे की रोज किती वाटे विकले आणि किती पैसे आले हे मुलांच्या जुन्या वहीत का होईना, तारीख घालून लिहून ठेवा. शाळेत जाणारी मुलगी हे पाच मिनिटांत करील.

आता थोडे स्वयंपाकघरातले. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात टाकून ठेवल्या की त्या वाळू सोडतात, तेल सोडत नाहीत. उकळल्याने जंतू मरतात, तेलाचे घटक जात नाहीत. आले-लसूण, कोकम, मसाला यांनी वास झाकला जाईल, एवढेच. तेल लागलेला जिवंत शिंपला स्वच्छ वाहत्या समुद्रपाण्यात ठेवला तर काही आठवड्यांत त्यातले बरेचसे उतरते, पण ते काम घरच्या बादलीत होणारे नव्हे. म्हणून तेलगळतीची बातमी आली असेल तर त्या किनाऱ्यावरचे मासे तपासणीनंतर आधी सुरू करावेत आणि शिंपले सगळ्यांत शेवटी. गरोदर बाई आणि लहान मुले यांच्या बाबतीत घाई अजिबात नको. आणि तेल नसले म्हणजे सगळे आलबेल असेही नाही. शहराच्या सांडपाण्याच्या तोंडाशी वेचलेल्या तिसऱ्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत, कारण त्या पाणी गाळतात तशी घाणही गाळतात.

पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या वाळूवर डांबराचे लहान-मोठे गोळे लागतात. तेही समुद्रात गेलेल्या तेलाचेच थिजलेले रूप. मुलांना त्यांच्याशी खेळू देऊ नका. हाताला लागले तर रॉकेल-पेट्रोलने न चोळता खोबरेल लावून पुसा आणि साबणाने धुवा. आणि जवळच्या खडकावरची कालवे किंवा शिणाणी तेलकट दिसली तर ती न काढता जागेचे नाव, तारीख आणि भरती-ओहोटीची वेळ लिहून मत्स्यव्यवसाय खात्याच्या जवळच्या कार्यालयात अर्ज द्या. अर्जाची एक प्रत शिक्का मारून परत घ्यायला विसरू नका.